हिरव्या ठिपक्याची दहा हँडलं

शहागंजच्या मागच्या गल्लीत हेमचंद्र सोयगावकरांचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. इतर दुकानदार दर्शनी भागात नवे आरसे, रंगीत हेल्मेटं, लखलखते सायलेन्सर टांगतात. हेमचंद्ररावांनी तिथं मोडकं सामान टांगलंय. एका तारेवर ओळीनं, आणि प्रत्येक नगाला दोऱ्यानं चिठ्ठी. अक्षर टपोरं, वळणदार, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घराण्याचं. ‘ब्रेकचा दांडा. नुसत्या हातानं वाकला.’ ‘हातमोजे. पहिल्या धुण्यात रंग बादलीत गेला, शिवण हातात आली.’ ‘गुडघ्याची ढाल. आत पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्यावर बिस्किटांची जाहिरात.’ येणारेजाणारे थांबून वाचतात, हसतात आणि बऱ्याचदा काही न घेताच पुढं जातात. हेमचंद्ररावांना त्याचं काही वाटत नाही.

अशा माणसानं दुकान तरी कशाला काढावं, असा प्रश्न गल्लीला पडला होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं माल तपासला. नग हातात घ्यायचा, मापायचा, चांगला असेल तर हिरवा ठिपका द्यायचा, नसेल तर तांबडा. ही खोड हाडीमाशी भिनली. घरी ताटातली पोळी उचलली तरी आधी उलटी करून पाहणार. त्यांच्या पत्नी उमाताई शाळेत गणित शिकवायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "अहो, मुकाट्यानं खा. तांबडा ठिपका द्यायचा असेल तर उद्यापासून स्वतः लाटा." तेव्हापासून पोळी सुटली, भाजीवाल्याची मात्र सुटका झाली नाही. पुढं मंदीत कारखान्यानं माणसं कमी केली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी हेमचंद्रराव घरी बसले. पंधरा दिवसांत उमाताईंनीच त्यांना दुकानाची जागा शोधून दिली, कारण घरात आता तपासायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

ती दुष्काळाची वर्षं. शहरात नळाला चौथ्या दिवशी पाणी येई, तेही येईल त्या वेळेला. तरी शहर चहूकडून वाढतच होतं. फुलंब्रीच्या रस्त्याला ज्वारीच्या रानांत पांढरे दगड रोवले गेले, प्लॉटांच्या पाट्या लागल्या, आणि पाण्याविना एवढ्या इमारती कशा उठतायत हे कोणी कोणाला विचारलं नाही. त्याच रस्त्याला आत एक पाझर तलाव होता. तो तळापर्यंत आटला. गाळ काढायला जेसीबी लागले. निम्मा गाळ शेतकऱ्यांनी रानात नेऊन टाकला, निम्म्याचे ढिगारे तिथंच राहिले. त्या ढिगाऱ्यांवरून पोरांनी मोटारसायकली उडवायला सुरुवात केली.

पोरं म्हणायची एवढंच. चांगले बाप्ये होते, वाळूजला पाळीवर जाणारे, फुलंब्रीकडच्या वस्त्यांवरचे. खरी शर्यतीची गाडी त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलेली. मग घरची, दुधाच्या कॅनांना वागवलेली गाडी घ्यायची, मडगार्ड उतरवायचे, दातेरी टायर चढवायचे, उंच रुंद हँडल बसवायचं, की झाली तयार. हे वरचं सामान खोक्यांतून यायचं. खोक्यावर गरुड नाहीतर डरकाळी फोडणारा वाघ, नाव इंग्रजी, आणि आत जे असे त्याची तऱ्हा काय सांगावी! छातीचं कवच म्हणून दिलेलं प्लास्टिक उन्हात ठेवलं की पापडासारखं मुरडायचं. बुटाचा तळवा पहिल्याच पडण्यात जीभ काढायचा. माणूस जीव उधळून पडणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच अंगावर असला माल चढवणाऱ्यांना काय म्हणावं, ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

हेमचंद्रराव ते शब्द उच्चारतही नसत. खोकं आलं की ते नग व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचे आणि हातोडा घ्यायचे. शिवण दोन हातांनी ताणायची, बकल शंभरदा उघडबंद करायचं, लोखंड म्हणून आलेल्याला लोहचुंबक लावून बघायचं. टिकलं तर हिरवा ठिपका द्यायचा आणि विकायचं. मोडलं तर चिठ्ठी बांधून तारेवर. समोरच्या शेडमधला फकिरा मिस्त्री गाड्यांना सामान बसवून द्यायचा. तो हातातला पाना खाली ठेवून विचारायचा, "क्या साब, दुकान खोले क्या कचेरी? माल बेचो ना, सजा कायकू सुनाते?" त्यावर हेमचंद्रराव चष्म्यावरून एकदा पाहायचे आणि पुढचा नग आवळायचे.

पण तलावातल्या मंडळींना या माणसाची किंमत कळली. आठ-दहा महिन्यांत हिरव्या ठिपक्याचा असा बोलबाला झाला, की दुसरीकडं घेतलेलं सामानसुद्धा लोक ठिपका मारून घ्यायला आणू लागले. त्यात सांडू गाडेकर सगळ्यांत पुढं. सत्तावीस वर्षांचा, अंगानं काटकुळा, वाळूजला दुसऱ्या पाळीत. गावाकडं विहीर कोरडी पडलेली, घरात आई सरूबाई, आणि जिवाला विरंगुळा एकच. तलावात उडी घ्यावी ती सांडूनं, हे सगळे मानायचे. तो ढिगाऱ्याकडं नुसता बघून सांगायचा, चाक कुठं टेकणार ते, आणि चाक तिथंच टेकायचं. मापाच्या माणसाला मापाचा माणूस आवडतो. हेमचंद्ररावांनी त्याच्यासाठी स्टूल राखून ठेवलं होतं.

मार्च महिन्यात हँडलांचं एक खोकं आलं. बारा नग, दिसायला एकापेक्षा एक. हेमचंद्ररावांनी दोन उचलली. एकाला वजन टांगलं, ते वाकलं नाही. दुसरं वळणावर मधोमध कापलं. नळीची जाडी सगळीकडून तीन मिलिमीटर, एकसारखी. इतका सरळ माल त्यांच्या दुकानात पहिल्यांदाच आला होता. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी फकिराला बोलावून तो कापलेला तुकडा दाखवला. मग उरलेल्या दहांवर हिरवा ठिपका दिला. कारखान्यात बावीस वर्षं हेच केलेलं. बारात दोन पाहायचे, दोन्ही खरे निघाले की सगळा घाणा, म्हणजे त्या खेपेचा माल, पास.

महिन्याभरानं एका बुधवारी सांडू ढिगाऱ्यावरून उडाला आणि पडला. गळ्याचं हाड मोडलं, खुब्याला मार लागला. दुसऱ्या दिवशी हेमचंद्रराव दवाखान्यात गेले. सांडू छताकडं बघत म्हणाला, "म्याच लई लांब फेकली गाडी, साहेब. अंदाज चुकला माझा." हेमचंद्रराव खाटेशेजारी बसले आणि त्यांनी त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. उडी घाईत घेऊ नये. आधी ढिगारा चालून पाहावा. सांडूनं सगळ्याला व्हय म्हटलं.

दहाव्या दिवशी, शनिवारी, सांडूचा मित्र ऋतुराज त्याची गाडी टेम्पोत घालून दुकानी घेऊन आला. "साहेब, साधं हँडल टाकून द्या. सोमवारी गिऱ्हाईक यायचंय. सांडू गाडी विकतोय."

"विकतोय? हाड जुळेल की महिन्या-दोन महिन्यांत."

"हाडाचं नाय साहेब. तो म्हणतो, मला आता अंदाजच येत नाय. ज्याचा अंदाज गेला त्यानं गाडीला हात लावू नाय."

ऋतुराज चहाला गेला आणि फकिरानं मोडकं हँडल सोडवून हेमचंद्ररावांच्या हातात दिलं. डावीकडच्या वळणापाशी ते तुटलं होतं. त्यांनी सवयीनं तुटलेलं तोंड उजेडाकडं धरलं. नळीचा पत्रा डालड्याच्या डब्याएवढा पातळ. आत दोन वेगवेगळ्या नळ्या जोडलेल्या, सांध्यावर झाळ, झाळ घासून वरून चकचकीत मुलामा. आणि मुलाम्यावर, मधोमध, त्यांच्या हातचा हिरवा ठिपका.

चूक काय झाली ते समजायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. कारखान्यात घाणा म्हणजे एक यंत्र, एक दिवस, एक पोलाद. दोन नग खरे तर बाकीचे खरे. बाजारातलं खोकं म्हणजे नुसतं खोकं. दहा शेडांतून गोळा केलेला माल एका वाघाच्या चित्राखाली भरलेला. जगातल्या प्रत्येक नगावर संशय घेणाऱ्या या माणसानं खोक्यावर मात्र विश्वास टाकला होता. एखादा भोळा दुकानदार असता तर त्यानं असली चूक केलीच नसती, कारण त्यानं ठिपकाच दिला नसता.

घरी आल्यावर त्यांनी तुकडा उमाताईंसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. उमाताईंनी तुकडा हातात घेतला, त्या पातळ काठावरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "आणखी नऊ कुठं आहेत?"

"उद्या तलावात शर्यत आहे. बहुतेक सगळी तिथंच असतील."

"कोणाला ठाऊक आहे हे?"

"मला. आणि आता तुला. सांडू तर येईल त्याला सांगतोय की चूक त्याची."

उमाताईंनी तुकडा कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला. या माणसाला काय करायचं ते सांगावं लागत नाही, हे त्यांना चोवीस वर्षांपासून माहीत होतं. त्यांनी सकाळी लवकरचा डबा करून दिला.

रविवारी हेमचंद्रराव फकिराला घेऊन तलावात उतरले. सोबत व्हाइस, लोखंड कापायची हॅक्सॉ आणि बदल्यात द्यायला गाडीच्या कंपनीची साधी नऊ हँडलं. तळाला भेगा पडलेल्या, काठावर चारशे-पाचशे माणूस, ट्रॉलीवर भोंगा. हेमचंद्ररावांनी ट्रॉलीवर चढून माइक मागून घेतला. जन्मात कधी चार माणसांपुढं बोललेले नव्हते. "माझ्याकडून हिरव्या ठिपक्याचं हँडल नेलेल्यांनी इकडं यावं. हँडल काढायचंय. तो ठिपका चुकीचा आहे. सांडू माझ्यामुळं पडला."

कोणी हललं नाही. मग ऋतुराज पुढं आला. त्याच्याही गाडीला तेच हँडल होतं. "साहेब, तुम्ही उगं मनाला लावून घेता. सांडू सोता म्हणतो ना, चूक त्याची हाय म्हणून."

दुसरा कोणी ओरडला, "तुमचा टिपका हाय म्हणून तर घेतलं! आता तुम्हीच खोटा म्हणता व्हय?"

आता याला काय करावं? माणसं फसवणाऱ्यावर विश्वास ठेवतात हे आपण रोज पाहतो. इथं एक माणूस जीव तोडून सांगत होता की माझ्यावर विश्वास ठेवू नका, आणि कोणी ऐकायला तयार नव्हतं. भोंग्यावरून गाड्या रेषेवर बोलावल्या गेल्या. तेव्हा हेमचंद्रराव ट्रॉलीवरून उतरले, चालत गेले आणि सुरुवातीच्या दोरीसमोर धुळीत मांडी घालून बसले. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, मांडीवर हॅक्सॉ. फकिरानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अब नै उठते साब. मैं पहचानता इनकू."

दहा मिनिटांनी ऋतुराजनं रागारागानं आपलं हँडल सोडवून त्यांच्यापुढं टाकलं. फकिरानं व्हाइस ट्रॉलीला आवळला, हेमचंद्ररावांनी वळणावर कापायला घेतलं. पातं नीट चालेना, घाम फुटला, अखेर तुकडा पडला. तीन मिलिमीटर. अस्सल. लोक हसले. दुसरं कापलं, तेही अस्सल. तिसरं तसंच. "साहेब, चांगल्या मालाची माती करताय," कोणीतरी म्हणालं, आणि आता हसण्यात राग मिसळला होता. हेमचंद्ररावांचे कान लाल झाले. तरी त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "चौथं."

चौथं एका वाळूजच्या कामगाराचं होतं. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. पातं ठेवलं आणि मुळा चिरावा तसं ते आत गेलं. पातळ पत्रा, आत तोच सांधा, तीच झाळ. त्या कामगारानं दोन्ही तुकडे हातात घेतले, एकदा समोरच्या ढिगाऱ्याकडं पाहिलं आणि खालीच बसला. मग कोणाला बोलवावं लागलं नाही. नऊच्या नऊ हँडलं कापली. सात चांगली निघाली, दोन वाईट. दोन माणसं त्या दिवशी धड घरी गेली, ती या हट्टी माणसामुळं. शर्यत दोन तास उशिरा सुरू झाली. साध्या हँडलावर ऋतुराज मागं पडला आणि पुढं आठवडाभर त्यानं हेमचंद्ररावांशी अबोला धरला. चारशे लोकांसमोर आपल्याच नावावर पातं चालवायला छाती लागते, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

त्यानंतर दुकानात ठिपका बंद झाला. आता व्हाइस दुकानाच्या तोंडाशी आहे, बाजूला हातोडा आणि कानस. घेणारानं स्वतः आवळायचं, स्वतः ठोकायचं, कुठं बघायचं ते हेमचंद्रराव सांगतात. वेळ लागतो, पण गल्लीत तेवढी एकच रांग असते. त्या रविवारी मात्र त्यांचं एक काम अजून राहिलं होतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती.

लोक पांगल्यावर ते सांडू पडला त्या ढिगाऱ्याकडं गेले. पडल्या दिवसापासून तिथं कोणी गाडी घातली नव्हती. पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकून ती वाट बंद केली होती. पाऊस नाही, पाणी नाही, त्यामुळं गाळात उमटलेलं सगळं जसंच्या तसं होतं. फांद्या बाजूला करून ते पलीकडच्या उतारावर गुडघ्यांवर बसले. खिशातली गुंडाळायची मोजपट्टी काढली. फकिरा एक टोक धरून उभा राहिला. अर्धा तास दोघं मापत होते.

संध्याकाळी ते सांडूच्या गावी पोचले. सांडू अंगणात बाजेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. सरूबाई दारात होत्या. हेमचंद्ररावांनी तुटलेलं हँडल बाजेवर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. खोकं, दोन नग, ठिपका, दवाखान्यात केलेला उपदेश. काही गाळलं नाही.

आधी सरूबाईच तडकल्या. "आता सांगता व्हय? अकरा दिस झालं, माझं लेकरू भिताडाकडं त्वांड करून निजतंय! पायरी उतराया भेतंय ते! म्हणतंय, आय, मला कशाचा अंदाज नाय ऱ्हायला. आन् तुम्ही वरून त्यालाच श्यानपन शिकवून आलाव!" हेमचंद्ररावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

सांडू आईला म्हणाला, "आय, जरा दम धर." तो हँडलाकडं बघत नव्हता. "साहेब, ही मोडलं कवा? उडीत का टेकल्यावर?"

"टेकल्यावर. मी मापून आलोय."

त्यांनी अंगणात पट्टी पसरली आणि एक दगड ठेवला. "हा ढिगाऱ्याचा माथा. इथं तुझं मागचं चाक. माथ्यापुढं साडेतीन फूट, बरोबर उतारावर, जिथं टेकायला हवं तिथंच. पुढचं चाक त्याच रेषेत, वीतभरही इकडंतिकडं नाही. तिथून चाकाची रेघ दोन हात सरळ गेलीय. मग तुटलीय. तिथं हँडल मोडलं."

सांडू बाजेवरून उठला. लंगडत दगडापाशी आला आणि चाक टेकलं त्या जागेवर पाय ठेवून उभा राहिला. "परत सांगा," तो म्हणाला. हेमचंद्ररावांनी परत सांगितलं. माथा, साडेतीन फूट, दोन हात सरळ. सांडूनं दगडापासून आपल्या पायापर्यंतचं अंतर नजरेनं मापलं, आणि सरूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजी साहेब, म्या नाय चुकलो?"

"नाही, सांडू. मी चुकलो."